कोर्स चार आठवड्यांचा, हाताला वळण कधी?

"नोकरी न सोडता, जलद कोर्स करून मी इलेक्ट्रिशियन होऊ शकतो का?" कामधंदा बदलू पाहणाऱ्यांना सल्ला देताना हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात, खुर्चीवर बसून करायच्या कामाला विटलेले. सरळ 'हो' किंवा 'नाही' सांगितलं तर माणूस खूश होऊन किंवा हिरमुसून निघून जातो, पेच मात्र जिथल्या तिथे राहतो. म्हणून एका गृहस्थांची हकीकत जरा सविस्तर सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय अडतीस. मालवाहतुकीच्या एका कंपनीत बिलं तपासायची आणि हिशेबांचा ताळमेळ घालायचा, हे काम कित्येक वर्षं चाललेलं. आले तेच हातात माहितीपत्रक घेऊन. चार आठवड्यांचा कोर्स, त्यातला बराचसा ऑनलाइन, प्रात्यक्षिकं शनिवार-रविवारी, शेवटी प्रमाणपत्र. म्हणाले, "मॅडम, सवलतीची मुदत परवा संपतेय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, पैसे भरू की नको?"

मुदत संपतेय म्हटलं की मी सावध होते. अशी मुदत विकणाऱ्याच्या सोयीची असते, शिकणाऱ्याच्या नाही. (पुढच्या महिन्यात तीच सवलत पुन्हा आली, हे जाता जाता सांगून टाकते.) मी विचारलं, "प्रमाणपत्र मिळालं असं धरा. त्यानंतरचा पहिला सोमवार मला सांगा. सकाळी घरातून निघालात. कुठे चाललात? सोबत कोण आहे? आज काय काम आहे?"

ते बराच वेळ बोलले. साहेबांचे रात्रीचे मेसेज नसतील. महिनाअखेरची धावपळ नसेल. केलेलं काम डोळ्यांना दिसेल, कुणी ते एका ईमेलने खोडून टाकणार नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण सोमवारी सकाळी कुठे जायचं, ते त्या बोलण्यात आलंच नाही. मी तसं म्हटल्यावर ते थोडे वरमले. "ते प्रमाणपत्र मिळाल्यावर बघू, असं डोक्यात होतं."

जलद कोर्सचा सगळा तिढा इथे आहे. कोर्सला नावं ठेवायची मला हौस नाही. चांगल्या संस्थेतला लहान कोर्सही बरंच काही देतो. ओहमचा नियम, लोडप्रमाणे वायरची जाडी कशी ठरते, बी आणि सी प्रकारच्या एमसीबीत (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये) फरक काय, अर्थिंग कशासाठी, चाचण्यांची नोंद कशी ठेवायची, हे सगळं बिलं तपासणाऱ्या माणसाला चटकन समजतं. तो हिशेबाला घाबरत नाही, उलट खूशच असतो. अडचण असते सरावाच्या बोर्डात. तो छातीच्या उंचीवर बसवलेला असतो, तारा नव्या असतात, उजेड भरपूर असतो आणि नकाशा शेजारीच चिकटवलेला असतो. प्रत्यक्षात काम करायचं असतं ते दुसऱ्या कुणीतरी कधीकाळी केलेल्या वायरिंगवर. तिथे नकाशा नसतो, शिडी हलत असते, आणि घरमालक खाली उभा राहून "अजून किती वेळ?" विचारत असतो.

त्यात परवान्याचा भाग वेगळा. नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण अनेक देशांत पूर्ण उमेदवारी तीन ते पाच वर्षांची असते आणि स्वतःच्या सहीने काम करायला लेखी परीक्षेबरोबर देखरेखीखाली केलेल्या कामाचा पुरावा लागतो. म्हणून मी त्यांना सांगितलं, संस्थेला फोन करण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला करा. या प्रमाणपत्रावर मी एकटा कोणतं काम करू शकतो आणि कोणतं नाही, एवढंच विचारा. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम. आणि दुसरं काम दिलं ते जास्त अवघड होतं. शनिवारी हेल्पर म्हणून हाताखाली घेईल असा एखादा कंत्राटदार शोधा. तो सापडेपर्यंत पैसे भरू नका.

सवलत गेली म्हणून ते माझ्यावर थोडे रागावलेच होते.

पुढच्या भेटीला त्यांच्या पत्नीही आल्या. गृहस्थांनी वेळापत्रक करून आणलं होतं, रंगीत चौकटींचं. ऑफिसनंतर संध्याकाळी सात ते साडेदहा अभ्यास आणि हाताचा सराव, शनिवारी साइट, रविवारी कोर्स. वहिनींनी कागद एकदा वरून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "यात हे झोपणार कधी? आणि मुलीचा गणिताचा अभ्यास कोण घेणार?" डॅनियल काहनेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस सहसा कमीच धरतो, आधीचा अनुभव उलटा असला तरी. वहिनींना ते वाचायची गरज पडली नाही.

झोपेच्या मुद्द्यावर मी मात्र अडून बसले, कारण या धंद्यात तो नुसता दमण्याचा प्रश्न राहत नाही. ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये तपासलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं घसरतं. गृहस्थ पहाटे साडेपाचला उठायचे. म्हणजे रात्री साडेदहाला ते हातात पक्कड घेऊन बोर्डापुढे उभे असतील तेव्हा त्यांची अवस्था काय, याचा हिशेब त्यांनीच मांडला. ठरलं असं, की नोकरीच्या दिवशी संध्याकाळी फक्त वाचन आणि गणितं, तीही तासभर. हत्याराचं काम झोप झालेल्या सकाळीच. दोन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या. वेळापत्रकातल्या निम्म्या चौकटी गेल्या तेव्हा ते हताश झाले होते, पण टिकलं ते हेच वेळापत्रक.

कंत्राटदार शोधायला वेळ लागला. काहींनी फोनवरच "वय काय?" विचारून विषय संपवला. शेवटी एका जुन्या, कमी बोलणाऱ्या माणसाने होकार दिला. गृहस्थांचे उस्ताद ते हेच. पहिले काही शनिवार भिंतीत खाचा पाडणं, कंड्युइट (वायर ओवायच्या नळ्या) उचलणं आणि झाडलोट यांतच गेले. गुडघे बोलायला लागले. तरी ते जात राहिले.

मग तो शनिवार आला. एका दुमजली घरात जिन्यातला दिवा लावला की आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, उडत होता. दिवा साधा ९ वॅटचा एलईडी. गृहस्थांना सिद्धांत पाठ होता. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो, फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत जाण्याच्या आत तोडतो. म्हणजे कुठेतरी गळती आहे. त्यांनी दिवा बदलला, होल्डर बदलला, वायर तपासली. सगळं ठणठणीत, आणि आरसीसीबी पुन्हा खाली. उस्तादांनी विचारलं, "वरच्या मजल्याचं सर्किट बघितलंस?" जिन्यातल्या टू-वे, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून लागणाऱ्या, दिव्याने फेज खालच्या सर्किटमधून घेतला होता आणि न्यूट्रल वरच्या. दोन्ही सर्किटना वेगवेगळे आरसीसीबी. २३० व्होल्टवर ९ वॅट म्हणजे ३९ मिलिअँपिअर, आणि ते सगळेच्या सगळे दुसऱ्याच वाटेने परतत होते. गळती कुठेच नव्हती.

पुढे उस्तादांनी जे सांगितलं त्याने त्यांची झोप उडाली. वरचं सर्किट बंद करून तिथला न्यूट्रलचा जोड उघडला असता, तर आधी टेस्टरने काहीच दाखवलं नसतं. जोड सुटला की मात्र दिव्यातून आलेलं खालच्या सर्किटचं व्होल्टेज त्या सुट्या तारेवर उभं. माणूस बंद सर्किटवर काम करतोय अशा समजुतीत.

ते माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, मला सगळं येत होतं आणि तरी दिसलं नाही. माझ्या वयाला हे जमणार नाही." या वाक्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. 'तुम्हाला नक्की जमेल' हे मी म्हणत नाही, कारण मला ते ठाऊक नसतं आणि समोरच्याला ते कळतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाची जी मूळं सांगितली, त्यांत शाब्दिक उत्तेजन कमकुवत मानलं आहे. सर्वांत पक्कं मूळ म्हणजे स्वतः करून तडीस नेलेलं काम. मी विचारलं, उस्तादांना ते कसं सुचलं? "त्यांनी असे जिने बरेच पाहिलेत." मग तुम्ही किती पाहिलेत? ते हसले.

थोड्या वेळाने ते आपणहूनच म्हणाले, "खरं तर हा आमचाच विषय होता. एका खात्यातून पैसे गेले आणि जमा दुसऱ्याच खात्यात झाले, तर ताळा जुळत नाही. मी रोज हेच पकडतो. तिथे मात्र मी चोरी झाली असं धरून बसलो." या भेटीत मला यापेक्षा जास्त काही करावं लागलं नाही. आपल्या मागच्या वर्षांचं ओझं ते पहिल्यांदाच कामाला लावत होते. कोर्सच्या पत्रकात 'शून्यापासून सुरुवात' असं लिहिलेलं असतं. अडतीस वर्षांचा माणूस शून्यापासून सुरू करत नसतो.

उस्तादांशी बोलून त्यांनी एक काम मागून घेतलं, प्रत्येक घरातल्या डीबीची (एमसीबी बसवलेल्या पेटीची) नावनिशी आणि चाचण्यांची नोंद. कोणती एमसीबी कशाची, याच्या चिठ्ठ्या लावणं कुणालाच आवडत नाही, त्यांना आवडत होतं. त्यातूनच बारीकसारीक गोष्टी अंगवळणी पडल्या. टेस्टर आधी चालू सर्किटवर तपासायचा, मग बंद सर्किटवर, मग पुन्हा चालूवर. ५०० व्होल्टची मेगर चाचणी (तारांवरचं आवरण शाबूत आहे का ते पाहणारी) घेण्याआधी एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवून ठेवायच्या. हे सगळं कोर्सच्या पुस्तकातही आहे, आणि पुस्तकात असताना ते परीक्षेपुरतं असतं.

चार आठवड्यांचा कोर्स त्यांनी घेतला नाही. संध्याकाळचा, बराच लांबलेला कोर्स घेतला, ज्यात साइटवरच्या कामाची वही भरून त्यावर उस्तादांची सही लागते. याचा अर्थ जलद कोर्स कुणीच घेऊ नये असा काढू नका. माझ्याकडे आलेल्या एका तरुणीने तोच घेतला आणि तिचं छान चाललं आहे, कारण तिच्या मामांचा वायरिंगचा व्यवसाय होता आणि कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या हाताखाली उभी होती. तिचा सोमवार आधीच ठरलेला होता. उलट एक जण तीन शनिवारांनंतर म्हणाला, "मला फक्त साहेब बदलायचा होता." त्याने ऑफिसातच विभाग बदलून घेतला. कोर्सची फी वाचली आणि गुडघेही.

आमचे गृहस्थ अजून त्याच कंपनीत आहेत. रात्रीचे मेसेज अजून येतात, फक्त आता ते सकाळी वाचले जातात. नोकरी कधी सोडायची यावर घरात एकमत नाही. वहिनींची अट स्पष्ट आहे. उस्ताद आठवड्याच्या मधल्या दिवसांचं काम पगारावर द्यायला तयार झाले आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की मगच बोलणं. गृहस्थांना ही अट जाचक वाटते. मला ती रास्त वाटते, आणि मी ते दोघांसमोर सांगितलं आहे.