स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतायत, घरचे म्हणतात पाणी वाढव. वाढवू का?

नका वाढवू. निदान मातीत बोट घालून बघितल्याशिवाय तरी नका. तपकिरी दिसलं की पाणी ओतणारी माणसं प्रत्येक घरात असतात. आमच्याकडे जाऊबाई आहेत.

आम्ही गावाला गेलो तेव्हा माझी पीस लिली त्यांच्याकडे ठेवली होती. पानं मलूल दिसली की त्या तांब्याभर पाणी ओतायच्या. परत आलो तर पानांवर मऊ, काळपट डाग, डागांभोवती पिवळी कड आणि कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली. तरी म्हणणं एकच, "अगं, तहानलंय ते!" मी वाद घातला नाही. सगळ्यांसमोर कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात. ही तपकिरी, लिबलिबीत, ओढली की साल हातात येत होती. वास असा सुटला की दिरांनी उठून खिडकी उघडली. मुळं कुजली की झाडाला पाण्यात उभं राहूनही पाणी ओढता येत नाही, म्हणून ते मान टाकतं. तहानलेलं झाडही अगदी तशीच टाकतं, त्यामुळे लांबून बघून काही कळत नाही. कुजकी मुळं कापून ताज्या मातीत लावलं, जगलं. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बघ, माझं पाणी लागलं."

तुमचं प्रकरण वेगळं वाटतं. फक्त टोकं कोरडी, कुरकुरीत झाली असतील तर संशय नळाच्या पाण्यातल्या क्षारांवर नाहीतर फ्लोराइडवर. ड्रेसिनालाही हाच त्रास. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतो, फ्लोराइड उडत नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या. मातीवर क्षारांचा पांढरा थर असेल तर खत बंद, आणि तेच पाणी एकदा कुंडीच्या तळच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं सोडा. खिडकीकडचीच बाजू भाजल्यासारखी दिसत असेल तर ऊन. तळाचं एखादं जुनं पान गेलं तर जाऊ दे. करपलेला भाग पुन्हा हिरवा होणार नाही, कात्रीने उडवा.

हं, माती खोलवर कोरडी आणि कुंडी उचलायला हलकी लागत असेल, तर खरंच पाणी हवंय. पण थोडं सुकलेलं झाड बहुधा वाचतं. पीस लिली तर पाणी मिळाल्यावर काही तासांत उभी राहते. हे जाऊबाईंना करून दाखवलंय. त्यांना अजून पटलेलं नाही.