तगाई, तगादा आणि कुवत

प्रश्न : बातम्यांत 'मदतीची खैरात' सारखं ऐकू येतं. आमच्याकडची जुनी माणसं सरकारी मदतीला 'तगाई' म्हणत. शेतकऱ्याला तगवते ती तगाई, हे बरोबर का? आणि तगाई व खैरात एकच का?

उत्तर : नाही, आणि नाही.

'तगवते ती तगाई' ही व्युत्पत्ती गोड आहे, म्हणूनच पसरली. शब्द मुळात अरबी, फारसीमार्गे आलेला : तकावी, म्हणजे बळ देणं. हिंदीत अजून तकावीच म्हणतात. 'क'चा 'ग' कसा झाला असं विचारणाऱ्यांनी तगादा पाहावा, तो मूळचा तकाजा. नगद पाहावं, ते मूळचं नक्द. आधी तगाई आणि मागोमाग तगादा, हा क्रम कुळांना तर पाठच होता.

खरी गंमत पुढेच आहे. तकावी ज्या धातूची, त्याच धातूचा शब्द कुव्वत, म्हणजे आपली कुवत. तगाई आणि कुवत सख्ख्या बहिणी! माझ्या मते 'अंगात तकवा नाही' मधला तकवाही याच घरातला, बळकटी या अर्थाच्या 'तक्वियत'वरून आलेला. काही जण तो धर्मनिष्ठेच्या अर्थाच्या 'तक्वा'वरून आणतात. उच्चार जुळला की झालं! तापातून उठलेला माणूस तकवा नाही म्हणतो, तेव्हा तो काय स्वतःच्या पापभीरूपणाबद्दल बोलत असतो? ताकद मात्र या घरातली नाही. तिचा धातू वेगळा, तिला मध्ये आणू नका.

बळ हा अर्थ धरला की तगाईमागचा हिशेबही कळतो. शिवाजी महाराजांचं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला 1676 साली गेलेलं पत्र वाचा. ज्या कुणब्यापाशी माणसं आहेत पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्या, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे द्या. वाढीदिढी न लावता नुसतं मुद्दल हळूहळू वसूल करा. दोन लाख लारींपर्यंत (लारी हे त्या काळी चालणारं चांदीचं नाणं) खर्च झाला तरी कबूल, पण पडजमीन लागली पाहिजे आणि वसूल वाढला पाहिजे. आणि कुणब्याला काय चढलं पाहिजे? 'तवाना'! ताजातवाना मधला तोच फारसी तवाना, अर्थ पुन्हा बळ. सरकारने आधी खर्च करायचा म्हणजे पुढे महसूल वाढतो, हे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पत्रात सांगून झालंय. आमचे चॅनलवरचे तज्ज्ञ मात्र अजून 'तिजोरीवर बोजा'च्या पुढे सरकत नाहीत.

इंग्रजांनी 1883 आणि 1884 साली तगाईचे कायदे केले. पहिला विहिरी-बांधबंदिस्तीसाठी, दुसरा बी-बियाणं, गुरं आणि अडीनडीसाठी. त्यात व्याज आलं, आणि थकली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. तेव्हा तगाई हे कर्जच. तिला मदत म्हणणं हा वसुली सुरू होईपर्यंतचा गैरसमज.

दुष्काळी कामावरची मजुरी ही तगाई नव्हे. ती घामाची मजुरी. 1972च्या दुष्काळानंतर रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून 1975 साली व्यवसाय कर आला. ठरावीक पगाराच्या वर तो आजही महिन्याला 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300, कारण वर्षाला 2500 ही घटनेच्या 276व्या कलमाने घातलेली मर्यादा. तेव्हा मुंबईच्या पगारदाराकडून निघालेला रुपया खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती जाई आणि त्याच आठवड्याच्या बाजारात ज्वारी-तेलामिठावर खर्च होई. पगारदाराकडे तो शिल्लक पडून राहिला असता, इथे वाण्याचा गल्ला हलता राहिला.

लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये? परत मागत नाहीत, म्हणजे तगाई नाही. निकष लावून, यादी करून देतात, म्हणजे खैरातही नाही. अनुदान म्हणा की! पटत नसेल तर त्यावर टीका करा, पण शब्द नीट वापरून.

हो, खैरात राहिलीच. अरबी खैर म्हणजे भलं, खैरात हे त्याचं अनेकवचन : भली कामं, त्यावरून दानधर्म. 'आता तुझी खैर नाही' मधला खैर तोच. काताचा खैर वेगळा, तो संस्कृत खदिर.