केंब्रिजला कॉलेजात राहावे की बाहेर?

निपाणीहून तुम्ही विचारले आहे, की केंब्रिजला पीएच.डी.चा प्रवेश निश्चित झाला असून आता कॉलेजची खोली घ्यावी, की ओळखीच्या मुलींबरोबर गावात भाड्याचे घर करावे. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात पदवी घेऊन येथे संशोधनासाठी आले. माझे मत विचाराल तर पहिले वर्ष तरी कॉलेजातच काढा.

आपल्याकडे कॉलेज म्हटले की तास, हजेरी आणि परीक्षा आल्या. येथील ३१ कॉलेजांचे काम निराळे आहे. संशोधक विद्यार्थ्याचा अभ्यास विद्यापीठाच्या विभागात चालतो. कॉलेज त्याला राहण्याची जागा, जेवणघर, ग्रंथालय आणि एक ट्यूटर देते. हा ट्यूटर तुमच्या मार्गदर्शकाहून वेगळा असतो, आणि मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते. कारण मार्गदर्शकाशी मतभेद झाले, पैशांची ओढाताण झाली किंवा तब्येत बिघडली, तर ज्याच्या हाती तुमचा प्रबंध नाही अशा माणसाकडे जाता येते. बाहेर राहिलात तरी हा हक्क राहतो, पण रोजची उठबस नसेल तर आपण सहसा जात नाही.

जेवणाची काळजी तुम्ही विशेष लिहिली आहे. १९१४ साली ट्रिनिटी कॉलेजात आलेले रामानुजन कडक शाकाहारी असल्याने खोलीतच एकटे रांधून खात. आज जेवणघरात शाकाहारी पदार्थ असतात, मात्र ते आपल्या जिभेला फार मिळमिळीत लागतात. मजल्यावर सर्वांना मिळून एक लहानसे स्वयंपाकघर असते, त्याला जिप रूम म्हणतात. तेथे फोडणी देताना खिडकी उघडा आणि दार घट्ट लावा, कारण मिरचीचा धूर बोळात गेला की अलार्म वाजतो आणि थंडीत सगळी इमारत अंगणात उभी राहते. तरीही आठवड्यातून काही वेळा जेवणघरातच बसा. प्रयोगशाळेबाहेरची माणसे तेथेच भेटतात: कायद्याचा अभ्यास करणारी कोणी, इतिहासाचा कोणी. गाऊन घालून, मेणबत्त्यांच्या उजेडात होणाऱ्या औपचारिक जेवणालाही अवश्य जा.

वडिलांना हे सारे फार परके वाटत असेल, तर त्यांना सांगा, की गोकाक तालुक्यातले डी. सी. पावटे याच विद्यापीठातील सिडनी ससेक्स कॉलेजात गणित शिकून रँग्लर (येथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण) झाले आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

डिसेंबर मात्र कठीण जातो. पदवीचे विद्यार्थी घरी जातात, चारच्या आत अंधारते आणि नाताळात जेवणघरही बंद असते. त्या दिवसांसाठी डाळ-तांदूळ आधी भरून ठेवा आणि मागे राहिलेल्यांना जेवायला बोलवा. असे जुळलेले संबंध टिकतात.

सामानात मेतकूट, मसाले, चटण्या आणा. कुंदा आणू नका, कारण दुधाचे पदार्थ भारतातून येथे आणण्यास बंदी आहे.

खोलीचा करार किती महिन्यांचा आहे आणि भाड्यात वीज व हीटिंग धरले आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्या. बाहेरच्या घराशी तुलना त्यानंतरच करा, आणि खोलीचा अर्ज मुदतीआधी पाठवा. उशीर झाला तर उरलेल्या खोल्यांतून निवडावे लागते.