कार्पेटवर घरी व्यायाम करायला, दोन हजारांत बसेल आणि घडी करून ठेवता येईल असं काहीतरी घरीच कसं बनवायचं?

खाली एकाने लिहिलंय, "कार्पेट मऊच असतं की, वर अजून काय टाकायची गरज नाही" आणि त्याला ढिगानं अपवोट पडलेत. ते वाचूनच लिहायला बसलोय, नाहीतर मी इथे नुसता वाचक.

2019 च्या डिसेंबरात आम्ही जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. आधी तिथे कम्प्युटर क्लास होता, त्यामुळे हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत करडं कार्पेट चिकटवलेलं, खाली चांगली शहाबादी फरशी असून. मालक म्हणाले काढू नका, गोंदाचे डाग रहातील, डिपॉझिटमधून कापीन. तीन महिन्यांत लॉकडाऊन लागला, जिम बंद, आणि मी 92 किलोचा माणूस त्या कार्पेटवर योगा मॅट टाकून व्यायामाला लागलो. वीस माउंटन क्लायंबर (हात जमिनीला टेकवून जागच्या जागी पळल्यासारखे गुडघे छातीकडं ओढायचे) झाले की मॅट वीतभर दाराकडे सरकलेली असायची आणि मधोमध अशी वळी पडायची की पाय अडकून पडायला होतंय. योगा मॅट गुळगुळीत फरशीला धरते हो, कार्पेटला नाही धरत, कारण कार्पेटचे केसच आडवे होतात आणि मॅट त्यांच्यावरून चालत जाते. जोर मारताना वेगळाच ताप, तळहाताचा मनगटाकडचा भाग रुततो, मनगट पाहिजे त्यापेक्षा जास्त मागं मोडतं. पंधरा दिवसांत मनगट असं धरलं की पाण्याची कळशी उचलवेना.

मग दाजींना फोन केला. आमच्या दाजींचं बार्शीत गाद्यांचं दुकान आहे, म्हणजे मऊ या विषयातले ते शेवटचा शब्द. म्हणाले, "काही नको बे, दोन इंची फोमचे दोन तुकडे पाठवतो, एकावर एक टाक, जेवढं मऊ तेवढं गुडघ्याला बरं." जूनमध्ये गाड्या सुरू झाल्यावर टेम्पोतून आला फोम, पैसे घेतले नाहीत हे कबूल करतो. पहिले आठ दिवस मलाही भारी वाटलं.

श्रावणात एका सकाळी दोन्ही हातांत दहा-दहा किलोचे डंबेल घेऊन लंजेस करत होतो. डावा पाय पुढं टाकला, तो फोमच्या कडेजवळ पडला, टाच आत गेली, बाहेरची बाजू अजून खाली गेली आणि घोटा आतल्या अंगाला वळला. कट् असा आवाज आला, तो मला आधी ऐकू आला आणि दुखलं नंतर. संध्याकाळपर्यंत घोट्याचं भरताचं वांगं झालेलं. लिगामेंटला मार होता, क्रेप बँडेज, तीन आठवडे घरातल्या घरात लंगडी. खरी गंमत पुढं आहे. बरं व्हायला लागल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एका पायावर उभं केलं ते कशावर? फोमच्या पॅडवर! मी म्हटलं अहो मॅडम याच्यानंच तर पाय गेला. त्या म्हणाल्या म्हणूनच, फोमवर तोल सांभाळायला घोट्याच्या बारक्या स्नायूंना सारखं काम करावं लागतं, ते काम त्यांना शिकवायला हा वापरतात, हातात वजन नसताना आणि भिंतीजवळ उभं करून. म्हणजे तोल बिघडवायचा असतो तेव्हा देतात ती वस्तू मी वीस किलो उचलायला खाली घातली होती.

दाजींनी मात्र चूक मान्य केली नाही, आजतागायत. आधी म्हणाले 92 किलोला कुठला फोम टिकणार. मग म्हणाले तालमीत माती मऊच असते ना, पैलवान काय मोडून पडतात का? हा मुद्दा त्यांनी माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात चाळीस माणसांपुढं काढला आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, त्याची सल अजून आहे, म्हणून इथे देतो. दाजी, मी लहानपणी चार वर्षं तालमीत गेलोय. हौदातली, म्हणजे कुस्ती खेळायच्या खड्ड्यातली, माती कुदळीनं उकरून, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ करतात ती आपटल्यावर लागू नये म्हणून, कुस्तीसाठी. जोर-बैठका आम्ही हौदाच्या बाहेर, फरशीवर मारायचो. वस्तादांनी कुणाला मातीत बैठका मारताना बघितलं असतं तर काठीच बसली असती. आणि खाली काय आहे यानं किती फरक पडतो ते खाशाबा जाधवांचं बघा, मातीत तयार झालेला माणूस, 1948 ला लंडनला मॅटवर उतरला तर सहावा, आणि 1952 ला हेलसिंकीत तसल्याच मॅटवर ब्राँझ.

आता तुमचा प्रश्न. खाली कडक, वर पकड, एवढंच पाहिजे.

कडक म्हणजे प्लायवूड. सहा बाय चार फूट जागा एका माणसाला पुरते. शीट आठ बाय चारची येते, 12 एमएमच्या दोन घ्या, दोन्हीचे सहा फूट कापून घ्या (उरलेल्या दोन तुकड्यांचं माझ्या पोरीचं अभ्यासाचं टेबल झालं). मधे फेविकॉल लावून एकावर एक, मग खालच्या बाजूनं स्क्रू. स्क्रू 20 एमएमच घ्या, दोन शीट मिळून 24 होतात, 25 चा घेतला तर टोक वर येईल आणि ते तुम्हाला बर्पी (खाली पडून उठून उडी) मारताना कळेल. डोकी आत बसली पाहिजेत नाहीतर कार्पेटचे धागे ओढतात. एवढा मोठा सपाट तुकडा झाला की वजन सगळीकडं वाटलं जातं आणि खालचं कार्पेट दबतच नाही म्हटलं तरी चालेल. कोपरे गोल करून कडांना पॉलिश पेपर मारा.

पकड म्हणजे रबर, आणि इथं आपण सोलापूरवाले नशीबवान आहोत. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, त्यांच्या कन्व्हेयरचे जुने पट्टे भंगारात किलोवर मिळतात. दोन फुटी रुंदीचा पट्टा बघा, सहा-सहा फुटांचे दोन तुकडे शेजारी शेजारी टाकले की बरोबर चार फूट भरतात. घेताना कापलेली कड बघून घ्या, आत कापडाचे थर दिसले पाहिजेत, तारा दिसल्या तर सोडून द्या, घरी कापायचा नाही आणि हाताला लागतो. कटरच्या पात्याला साबणाचं पाणी लावत लावत कापायचा, एका दमात नाही, त्याच रेषेवर दहा वेळा. मग निरम्यानं घासून दोन दिवस गच्चीत. आपल्या मे महिन्याच्या 43 डिग्रीत वास पटकन उडतो, पावसाळ्यात केलंत तर महिनाभर हॉलमध्ये टायरच्या दुकानात बसल्यासारखं वाटेल. चिकटवायची गरज मला पडली नाही, स्वतःच्या वजनानंच बसतो.

झालं का बघायला एक लिटरची भरलेली बाटली त्याच्यावर उभी करा आणि शेजारी जोरात पाय आपटा. फोमवर माझी बाटली पहिल्या आपटीला आडवी झाली होती, याच्यावर नुसती थरथरते.

खर्चाचं म्हणाल तर मला 2021 मध्ये दोन्ही प्लाय, पट्टा, कटिंग आणि रिक्षा धरून साडेचार हजाराच्या आसपास पडलं. तुमचं बजेट दोन हजार आहे हे मी विसरलो नाही. त्यात बसवायचं तर मोडलेल्या फर्निचरवाल्याकडून जुना 18 एमएमचा एकच तुकडा बघा. नुसता पट्टा कार्पेटवर टाकून भागवू नका, काळ्या रबराचा डाग फिक्या कार्पेटवर उतरू शकतो, मग मालक आणि तुम्ही.

आणि हो, माझी आजी म्हणायची चादर चौपदरी करून घाल, सगळं होतंय. आम्ही चादर विणणारी माणसं, आयुष्य जेकार्ड मागाच्या खडखडाटात गेलेलं, पण चादर जॉगिंगसारख्या उड्यांना उपयोगाची नाही, गोळा होते. गुडघा टेकवायच्या आसनांना मात्र पट्ट्यावर चादरीची घडी घ्या, तिथं योगा मॅटपेक्षा बरी, आणि घामाला टेरी टॉवेल. नुसती आसनंच करणार असाल तर हे प्लायचं सगळं लचांड करूच नका, एवढं वाचायला लावल्याबद्दल सॉरी.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. महिन्यातून एकदा उभं करून खाली बघा, ओल धरते आणि तळमजला असेल तर वाळवी येते, आधीच बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय घेतला तर बरं. कडेला पिवळी टेप लावा, आमच्या आईचा अंगठा दोनदा ठेचलाय. दोरीवरच्या उड्या मारणार असाल तर खालच्यांना आवाज जाणार, प्लायनं तो थांबत नाही. आणि ज्यांचे गुडघे किंवा हाडं आधीच कुरकुरतात त्यांनी माझं ऐकू नये, डॉक्टरला विचारावं.

घडी? नाही होत. दोन माणसांनी उचलून भिंतीला उभं करायचं, तेही एकट्याच्यानं होत नाही, बायको रोज म्हणते हॉलमध्ये स्टेज बांधलाय म्हणून.

मागच्या जानेवारीत दाजी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आले होते. दुपारी जेवण झाल्यावर पलंग सोडून त्या स्टेजवरच चादर टाकून आडवे झाले, दोन तास घोरले, उठून म्हणाले कंबर मोकळी झाली. मी चहा दिला, एक शब्द बोललो नाही. रात्री फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज, "कडक जागेवर झोपल्याने पाठ बरी रहाते." गाद्यांच्या दुकानदाराचा मेसेज! स्क्रीनशॉट ठेवलाय. फोमचे दोन तुकडे अजून माळ्यावर आहेत, कुणाला लागत असतील तर येऊन घेऊन जा.