एमपीआयमध्ये डेटाटाइपला जोडलेला ॲट्रिब्यूट वाचताना भलताच आकडा का येतो?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: एमपीआय, म्हणजे प्रोसेसमध्ये मेसेज पाठवायचं स्टँडर्ड, वापरताना कणांच्या स्ट्रक्टसाठी तुम्ही डेटाटाइप (डेटाची मेमरीतली मांडणी सांगणारं वर्णन) बनवलात, एमपीआय_टाइप_सेट_ॲट्र वापरून त्याला आवृत्ती क्रमांक ॲट्रिब्यूट, म्हणजे सोबतची नोंद, म्हणून जोडलात. आता एमपीआय_टाइप_गेट_ॲट्रने तो वाचला की कधी भलताच आकडा येतो, आणि त्याच टाइपची प्रत काढून तिच्यावर विचारलं तर काहीच सापडत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यामुळे एकाच ठिकाणी शोधत बसू नका.

आधी भलता आकडा. गेटचा तिसरा पॅरामीटर व्हॉइड * असा घोषित आहे आणि घोळ नेमका तिथे होतो. सेटमध्येही व्हॉइड *च आहे, पण अर्थ निराळा. सेटला तुम्ही एक पॉइंटर देता आणि एमपीआय तो पॉइंटर तेवढा जपून ठेवतं. त्याच्या मागची मेमरी कॉपी करत नाही. गेटला मात्र तो पॉइंटर जिथे लिहून हवा, त्या जागेचा पत्ता द्यायचा असतो. म्हणजे मनात व्हॉइड ** असं वाचायचं. प्रत्येक वेळी कास्ट लिहावा लागू नये म्हणून स्टँडर्डने व्हॉइड * ठेवलं आहे, पण त्यामुळे चूक झाली तरी कंपायलर गप्प राहतो. बरोबर रूप असं (यातली ‘की’ म्हणजे ॲट्रिब्यूट ओळखायचा क्रमांक):

इंट *आवृत्ती; इंट सापडलं;
एमपीआय_टाइप_गेट_ॲट्र(कण_टाइप, की, &आवृत्ती, &सापडलं);
इफ (सापडलं) वापरा(*आवृत्ती);

मी स्वतः एकदा पॉइंटरऐवजी साधा इंट घेऊन त्याचा पत्ता दिला होता. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा. उरलेले ४ बाइट शेजारच्या व्हेरिएबलमध्ये गेले, आणि तिथे माझा लूपचा काउंटर होता. तो ० वरून थेट ३२७६५ वर गेला. दोन दिवस मी लूपच तपासत होतो. मग तो आकडा हेक्समध्ये लिहून पाहिला: ७एफएफडी. लिनक्सवर स्टॅकचे पत्ते अशाच आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे काउंटरमध्ये पत्त्याचा वरचा अर्धा भाग येऊन बसला होता. तुमच्याकडेही ३२७६० च्या आसपासचे आकडे दिसत असतील तर हेच झालंय असं समजा.

त्यात माझी आणखी एक चूक होती, आणि तुमचं वर्णन वाचून तुमचीही तीच असावी असं वाटतं. सेटला दिलेला पत्ता फंक्शनच्या आतल्या लोकल व्हेरिएबलचा होता. फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्या कुणाची होते. छोट्या चाचणीत आकडा नीट येतो, मोठ्या रनमध्ये कचरा. किंमत मॅलॉकने घेतलेल्या किंवा स्टॅटिक मेमरीत ठेवा.

आणि सापडलं हा फ्लॅग आधी तपासायचाच. तो ० असेल तर तुमच्या पॉइंटरमध्ये काय आहे याची कसलीही हमी नाही.

आता प्रत. एमपीआय_टाइप_डुप करताना ॲट्रिब्यूट पुढे जातो की नाही, हे एमपीआय_टाइप_क्रिएट_कीव्हॅलला दिलेलं कॉपी फंक्शन ठरवतं. तुम्ही तिथे एमपीआय_टाइप_नल_कॉपी_एफएन दिलं असणार. त्याचा अर्थच ‘पुढे नेऊ नको’ असा आहे. एमपीआय_टाइप_डुप_एफएन दिलंत तर पॉइंटर तसाच नव्या टाइपला चिकटतो. पण इथे घाई करू नका. डिलीट कॉलबॅकमध्ये (ॲट्रिब्यूट काढताना चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमध्ये) मेमरी फ्री करत असाल, तर दोन्ही टाइप एकाच मेमरीकडे बोट दाखवतात आणि दोन्ही मोकळे करताना ती दोनदा फ्री होते. अशा वेळी नवी मेमरी घेऊन किंमत उतरवणारं स्वतःचं कॉपी फंक्शन लिहा, आणि त्यात फ्लॅग १ करायला विसरू नका. एमपीआय_टाइप_कंटिग्युअस किंवा व्हेक्टरने जुन्या टाइपवरून नवा बनवलात तर हे फंक्शन बोलावलंच जात नाही. तिथे ॲट्रिब्यूट पुन्हा हाताने जोडावा लागतो.

कोडमधली ‘की’ एमपीआय_टाइप_क्रिएट_कीव्हॅलने मिळालेलीच हवी. कम्युनिकेटरची (आपसात बोलणाऱ्या प्रोसेसच्या गटाची) की इथे चालत नाही. एमपीआय-१ मध्ये ॲट्रिब्यूट फक्त कम्युनिकेटरला जोडता यायचे, डेटाटाइप आणि विंडो (इतर प्रोसेसना खुली केलेली मेमरी) यांच्यासाठी सोय १९९७ च्या एमपीआय-२ ने आणली. म्हणून जुन्या नमुन्यांवरून कोड उचलताना ही गल्लत सहज होते.

फोर्ट्रानमधून वाचणार असाल तर किंमत एमपीआय_ॲड्रेस_काइंड या काइंडच्या इंटिजरमध्ये घ्या. सीमधून जोडलेला पॉइंटर तिथे पत्त्याचा आकडा म्हणून दिसतो.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर रोमिओ या एमपीआय-आयओच्या (एमपीआयच्या फाइल वाचण्या-लिहिण्याच्या भागाच्या) अंमलबजावणीकडे बघा. टाइप उलगडून काढलेली ऑफसेट आणि लांब्यांची यादी ती त्या टाइपलाच ॲट्रिब्यूट म्हणून जोडते, म्हणजे प्रत्येक वेळी टाइप पुन्हा उलगडावा लागत नाही. ॲट्रिब्यूटचं खरं काम हेच: एका प्रोसेसमध्ये, एका टाइपपुरती आपली नोंद जवळ ठेवणं. टाइपची साइज हवी असेल तर एमपीआय_टाइप_साइज आणि एमपीआय_टाइप_गेट_एक्स्टेंट आहेत, तो कसा बनवला हे हवं असेल तर एमपीआय_टाइप_गेट_एन्व्हलप.

तुमचा आवृत्ती क्रमांक समोरच्या प्रोसेसला कळावा अशी अपेक्षा असेल, तर तो ॲट्रिब्यूटमधून जाणार नाही. मेसेजबरोबर फक्त डेटा जातो. कणांच्या स्ट्रक्टमध्ये एक इंट वाढवा, किंवा सुरुवातीला एमपीआय_बीकास्टने एकदाच सगळ्यांना सांगून टाका.