देखरेखीखाली सोडलेल्या मुलाला गावी पाठवावं का?

बाल न्याय मंडळाने (अठराखालच्या मुलांची गुन्ह्याची प्रकरणं चालवतं ते) तुमच्या भाच्याला परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर) देखरेखीखाली घरी सोडलंय, त्याला गावी पाठवावं का, आणि पुढे पोलीस व्हेरिफिकेशनला अडचण येईल का, असं तुम्ही विचारलंय.

गावी पाठवू नका.

माझा भाचा सोळाव्या वर्षी चोरीच्या मोटारसायकलवर पकडला गेला. बहीण नाशिकच्या सिडकोत राहते, मेहुणे ट्रकवर. उंटवाडीला मंडळापुढे तारखा सुरू झाल्या आणि आमच्या थोरल्या दादांनी निकालच देऊन टाकला, की गावी चांदवडला धाडा, कांद्यात राबला की डोकं ठिकाणावर येईल. मी आडवा आलो. मंडळाने पोरगं आईच्या ताब्यात दिलं होतं, हमीपत्रावर तिची सही होती. शिवाय ठरल्या तारखेला त्याला अधिकाऱ्यापुढे हजर करायचं. चांदवडहून कोण आणणार होतं, दादा? आणि गावात तर दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय.

परिविक्षा अधिकारी मॅडम घरी आल्या तेव्हा मी तिथेच होतो. चोरीचं त्यांनी नावही काढलं नाही. सकाळी कधी उठतो, वडील किती दिवसांनी येतात, खर्चाला पैसे कोण देतं, हेच विचारत राहिल्या. मग वर बघून म्हणाल्या, हा पंखा कुणी जोडला? त्यानेच जोडला होता. शाळेने तोवर दाखला बहिणीच्या हातात ठेवलेला. बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते, हे मॅडमनी समजावलं. पोरगं पास झालं, सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालं, आज अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कांद्याच्या चाळीत हे कुणाच्या नजरेला पडलं असतं?

व्हेरिफिकेशनचं म्हणाल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ वाचा. या कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मूल कशालाही अपात्र ठरत नाही. कलम ७४ प्रमाणे, प्रकरण बंद झाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नसते. कुणी अडवलं तर ही दोन कलमं पुढे ठेवा.

हां, सोळा पूर्ण झालेल्या मुलाला अतिगंभीर (कायद्याच्या भाषेत ‘हीनस’) गुन्ह्यात प्रौढ धरून खटला चालवला असेल, तर कलम २४ चं संरक्षण धरून चालू नका. आणि घरातच दारू, मारहाण असेल, तर गावी नेणं बरोबरही असू शकतं, पण आधी मंडळाकडे अर्ज करून. वकील जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो, मुलांना उत्पन्नाची अट नाही.

गावाचा आग्रह तुमच्याकडे जो कुणी धरतोय, त्याला पुढच्या तारखेला सोबत न्या. दादा एकाही तारखेला आले नाहीत. तरी परवा लग्नात चारचौघांत म्हणाले, पोरगं गावी असतं तर आधीच सुधारलं असतं.