खुनाच्या गोष्टी वाचणारी मुलगी

‘मुलगी सतत खुनाच्या कादंबऱ्या वाचते, तिच्या मनावर वाईट परिणाम तर होणार नाही ना?’ हा प्रश्न मला सोलापुरातील पालक, विशेषतः मुले अकरावीत गेल्यावर, वारंवार विचारतात. खालील अनुभव त्या मुलीच्या व तिच्या आईच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

मुलगी सोळा वर्षांची, विज्ञान शाखेची. वडिलांचा अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना आहे. आईला मुलीच्या उशीखाली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी सापडली, जिच्या मुखपृष्ठावर रक्ताळलेला हात होता. आईचे शिक्षण मराठी माध्यमातून बारावीपर्यंत झालेले होते. ‘‘मॅडम, आत काय लिहिलंय ते मला कळत नाही, म्हणून जास्त भीती वाटते,’’ असे तिने मोकळेपणाने सांगितले. तिची निम्मी चिंता या एका वाक्यात होती, असे मला वाटले. याच घरातील आजोबा भाड्याच्या वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचत, आणि त्याविषयी आई कौतुकाने बोलत होती. ती विसंगती मी तेव्हा बोलून दाखवली नाही.

किशोरांसाठी लिहिलेल्या रहस्यकथांची घडण साधारण ठरलेली असते. शाळेतील किंवा गावातील कोणीतरी बेपत्ता होते, पोलीस तपास थांबवतात, आणि पंधरा-सोळा वर्षांची नायिका जुने संदेश, छायाचित्रे व शेजाऱ्यांची परस्परविरोधी विधाने जुळवत खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचते. रक्तपात बहुधा पडद्याआड घडतो. वाचक गुंततो तो कोण खोटे बोलत आहे या प्रश्नात. कोणावर विश्वास ठेवावा हे याच वयात नव्याने शिकावे लागत असल्यामुळे मुलांना या गोष्टी आवडणे स्वाभाविक आहे आणि ते कोणत्याही आजाराचे लक्षण नाही. मी त्यामुळे पुस्तकापेक्षा झोप, भूक, मित्रमैत्रिणी व अभ्यास यांत काही बदल झाला आहे का, आणि वाचलेल्या गोष्टीविषयी मूल बोलू शकते का, हे आधी पाहते.

या मुलीची झोप बिघडलेली होती. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते, आणि ती जेमतेम पाच तास झोपत होती. या वयात शरीराला झोपेची जाणीवच उशिरा होते, त्यामुळे दहा वाजता दिवा घालवण्याची सक्ती फारशी उपयोगाची नसते. मी तिला एक साधा उपाय सुचवला. अशा कादंबऱ्यांत उत्कंठा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली असते, म्हणून प्रकरण संपवून नव्हे, तर मध्येच, एखाद्या संथ पानावर पुस्तक मिटायचे. पुष्कळ मुलांना याचा फायदा होतो. तिला झाला नाही, आणि तिचे जागरण केवळ पुस्तकामुळे नसावे, ही शंका मला तेव्हा प्रथम आली.

आईला मी पुस्तक काढून घेऊ नका असे सांगितले आणि त्याऐवजी संध्याकाळी स्वयंपाक करताना मुलीकडून ती गोष्ट मराठीत ऐकायला सुचवले. आईला यात गोडी वाटू लागली. तिचा पहिला संशय नायिकेच्या मामावर होता आणि तो सोडायला ती तयार नव्हती. एके दिवशी तिने मुलीला विचारले, ‘‘अगं, ती एवढं सगळं आईला का सांगत नाही?’’ मुलगी म्हणाली, ‘‘सांगितलं तर गोष्ट दहा पानांत संपेल ना!’’

मुलीचे उत्तर अगदी बरोबर होते. कथानक चालावे म्हणून या प्रकारातील मोठी माणसे एकतर गैरहजर असतात, नाहीतर अविश्वासू असतात, आणि मुलांना सगळे एकट्याने निभवावे लागते. माझ्या मते या पुस्तकांत पालकांनी लक्ष द्यावे असे काही असेल, तर ते रक्त किंवा सुरा नसून हा संकेत आहे. कथेत तो आवश्यक असतो. तोच संकेत मूल स्वतःच्या आयुष्यात पाळू लागले, तर मात्र धोका संभवतो.

पुढच्या भेटीत मी तिच्याकडून तीच गोष्ट ऐकली, तेव्हा एका पात्राने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केल्याचे प्रकरण तिने गाळले. दुवा जुळेना म्हणून मी विचारले, तर ‘‘ते महत्त्वाचं नाही,’’ असे उत्तर आले. तेव्हा मी तिला थेट विचारले, ‘‘तुझ्या मनात कधी जीव देण्याचा विचार येतो का?’’ असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे; उलट कोणीतरी विचारले म्हणून बहुतेकांना हायसे वाटते. ती रडू लागली आणि म्हणाली, ‘‘माझ्या नाही, मैत्रिणीच्या येतो.’’ ती मैत्रीण रोज मध्यरात्रीनंतर तसे संदेश पाठवत असे, कोणाला न सांगण्याची तिने शपथ घातली होती, आणि उत्तर द्यायला उशीर होऊ नये म्हणून ही जागी राहत असे. कादंबरी तिला आवडत होती हे खरेच, परंतु घरच्यांना जागरणाचे कारण सांगायलाही ती सोयीची होती.

तिने सांगितलेले माझ्याजवळच राहील, मात्र कोणाच्या जिवाला धोका असल्यास नाही, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. त्या आधारे तिची समजूत काढली आणि त्याच दुपारी तिच्यासमोर मैत्रिणीच्या घरी संपर्क साधला. आता मैत्रिणीवर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. सुरुवातीला ती हिच्यावर रागावली आणि बरेच दिवस बोलली नाही. हिची झोप मात्र सुधारत गेली.

अशा प्रसंगी रात्री-अपरात्री कोणाला विचारावे हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठीतूनही बोलता येते, आणि स्वतःसाठी नव्हे तर मैत्रिणीसाठी फोन करत असल्यासही चालते.